माळ्यावरची पाहुणी

"वर काय फुसफुसतंय?" मामांनी पोह्यांची बशी हातातच थांबवली आणि माळ्याकडं बघितलं.

"कुकर," मी म्हणाले.

"सैपाकघर तर तिकडं हाय की."

"शेजारच्यांचा स्टो असेल," आमचे हे म्हणाले. हे सहसा माझ्या मदतीला येत नाहीत, आणि आलेच तर असे येतात.

मामा म्हणजे जयवंताचे मामा. आणि जयवंत म्हणजे आमच्या शालनला, माझ्या नणंदेला, पसंत पडलेला मुलगा. बघाबघी दिवाळीच्या आधीच झाली होती, दोघांनी एकमेकांना होकार दिला होता आणि त्या दिवशी मंडळी तासगावला आमच्या घरी सुपारी फोडायला आली होती. याआधी शालनची दोन स्थळं अगदी उंबऱ्यावरून परत गेलेली. एकाला पत्रिका आडवी आली, दुसऱ्याला काय आडवं आलं ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. त्यामुळं सासूबाई देव पाण्यात घालून बसल्या होत्या. शालन स्वतः काही बोलायची नाही, पण जयवंताचं नाव निघालं की उठून भांडी घासायला घ्यायची, घासलेली सुद्धा.

आणि अशा दिवशी, बरोबर दिवेलागणीला, आमच्या माळ्यावर घुबडाची पिल्लं भुकेनं फुसफुसत होती.

पाहुण्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं. ते त्यांना कळू द्यायचं नाही हा सगळा बेत माझा. आता यातली गंमत अशी, की त्या काळात मी तालुका पक्षिमित्र मंडळाची चिटणीस होते आणि घुबड हा माझा खास विषय होता. मी तालुक्यात प्रसिद्ध होते. म्हणजे पाचवी ते सातवीच्या मुलांत. शाळाशाळांतून स्लाइड दाखवत फिरायचे. एक घुबड वर्षाला किती उंदीर फस्त करतं त्याचा भलामोठा आकडा असलेली एक स्लाइड होती, ती आली की पोरं हमखास टाळ्या वाजवायची. माझं भाषण 'बालमित्रांनो' या शब्दानं सुरू व्हायचं आणि 'अंधश्रद्धेला मूठमाती द्या' या वाक्यावर संपायचं. मधलंही सगळं पाठ होतं. एवढ्यावर थांबेन तर ती मी कसली! घरासमोरच्या कंपाउंडच्या भिंतीवर मी निळ्या ऑइलपेंटनं हातभर अक्षरांत लिहून ठेवलं होतं: घुबडांना वाचवा.

घुबडांनी ते वाचलं असावं. पावसाळा सरला आणि गव्हाणी घुबडाची एक जोडी कौलाखालच्या झरोक्यातून आमच्या माळ्यावर मुक्कामाला आली. मी हरखून गेले. मंडळाच्या बैठकीत पेढे वाटले. घरात मात्र वाटायची हिंमत झाली नाही.

"प्रमिला, ते आधी काढ," सासूबाई म्हणाल्या. "पोरीचं लगीन व्हायचंय. घरावर घुबड बसलं तरी घर उजाड हुतंय म्हनत्यात. आपल्यात तर आत येऊन बसलंय."

"आत्या, ही अंधश्रद्धा आहे."

"असू दे. माझी हाय. तू काढ."

मी उंदरांचा आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "उंदराला मांजर हाय की." मी लक्ष्मीचं वाहन काढलं. त्या म्हणाल्या, "आमची लक्ष्मी कमळावर बसती." एक दिवस तर त्या शेगडीत निखारे आणि वरून मूठभर मिरच्या घेऊन धुरी द्यायला निघाल्या. मी शिडीला पाठ लावून उभी राहिले.

"आत्या, कायद्यानं गुन्हा आहे हा. शिक्षा होते."

"कुनाला?"

"घुबडाला त्रास देणाऱ्याला."

"आन् पोलिसात सांगणार कोन?"

मी शिडी सोडली नाही. एवढ्यावरून, सून सासूला तुरुंगात घालायला निघाली आहे, ही बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीच्या त्या टोकाला पोचली.

पण सुपारीच्या आधी आठदहा दिवस काय झालं कुणास ठाऊक, सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा एकदम बंद पडला. माळ्याचं नाव नाही, मिरच्यांचं नाव नाही. माळ्यावर पसरलेले कांदे सुद्धा त्यांनी एका दुपारी स्वतःच खाली आणून मधल्या घरात ठेवले. मी विचारलं तर म्हणाल्या, "सारखं वर-खाली कोन करनार?" मी त्याचा अर्थ माझ्या पद्धतीनं लावला. पुढच्या बैठकीत मी उभं राहून सांगितलं, की बदल घरापासून सुरू होतो, चिकाटीनं प्रबोधन केलं तर जुनी माणसंही विचार बदलतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी हे इतिवृत्तात घ्यायला सांगितलं.

विचार बदलले होते, पण पाहुण्यांसमोर ते दाखवायची गरज नव्हती, याबद्दल घरात सगळ्यांचं एकमत होतं. आणि सगळ्यांत जास्त माझं. मी फार शास्त्रशुद्ध बेत आखला. घुबडं दिवसा झोपतात. पाहुणे सकाळी दहाला येणार. सुपारी, जेवण, पानसुपारी, की दुपारी मंडळी कवठेमहांकाळच्या वाटेला. घुबडं जागी व्हायच्या आत सगळं उरकतंय. राहिली भिंत. घुबडांचा मुक्काम लपवायचा आणि भिंतीवर जाहिरात ठेवायची, हे काही बरं दिसलं नसतं. म्हणून मी वाळत घातल्यासारखी करून भिंतीवर एक गोधडी टाकली. माझ्याच घोषणेवर माझ्याच हातानं.

पाहुण्यांची जीप मणेराजुरीच्या अलीकडं बंद पडली. मिस्त्री मिळायला दुपार झाली, पार्ट मिळायला आणखी वेळ गेला. इकडं पुरणपोळ्या गार झाल्या, सासूबाई दर थोड्या वेळानं देवघरात जाऊन येत होत्या, आणि मी मात्र माळ्याकडं बघत होते. शेवटी सूर्य मावळायला आणि फाटकात जीप यायला एकच गाठ पडली.

मामा पहिले उतरले. भरदार अंग, डोक्याला कोशा पटका, हातात चांदीच्या मुठीची काठी. फाटकातच थांबून ते भिंतीकडं बघत राहिले. गोधडी आखूड पडली होती हे मला तेव्हा दिसलं. 'घुबडांना' झाकलं होतं. पुढचा शब्द लख्ख दिसत होता.

"वाचवा?" मामांनी मोठ्यानं वाचलं. "कुनाला वाचवा?"

"पाणी," मी म्हणाले. "पाणी वाचवा. मोहीम आहे."

"आसं व्हय," मामा म्हणाले. "मला वाटलं, घरात कोन अडचनीत हाय."

त्यांच्यामागून जयवंताची आई उतरली. अनसूयाबाई नाव. बारीक चणीच्या, डोक्यावर पदर, बोलणं जवळजवळ नाहीच. जीप जयवंतच चालवत होता, हात काळे झालेले, शर्टावर ग्रीसचा डाग. शालननं दारातून त्याला हात धुवायला तांब्या दिला आणि लगेच आत पळाली. तेवढ्यानंच सासूबाईंचा चेहरा खुलला. सगळं छान चाललं होतं. बसणं झालं, पाणी झालं, जीपची कहाणी झाली, जेवणाआधी थोडं काही खाऊन घ्या म्हणून पोहे आले. आणि माळ्यावर फुस्स झालं.

"स्टो न्हवं हे," मामा बशी खाली ठेवत म्हणाले. "स्टो काय आसा थांबून थांबून वाजतो?"

वरनं पुन्हा आवाज आला. या वेळी दोनतीन पिल्लांनी मिळून सूर लावला होता. ज्यांनी हा आवाज ऐकलेला नाही त्यांना सांगते, एवढंसं पिल्लू, पण चिडलेल्या नागानं फूत्कार टाकावा तसा तो असतो. आणि घरात एवढी माणसं असताना एकाला तरी तसं वाटणारच होतं.

"साप!" मामा उठलेच. "मोठा हाय. जनावर हाय माळ्यावर!"

आमच्या ह्यांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. हे स्टो म्हणाले होते, पण स्टोवर त्यांचाही विश्वास नव्हता.

"शिडी कुठंय? जयवंता, बॅटरी आन जीपमधली. एका काठीत लोळवतो." मामांनी पटका काढून खाली ठेवला, काठी उलटी धरली. चांदीची मूठ आता मारायच्या बाजूला होती.

मी आयुष्यात बऱ्याचदा विचार केला आहे, की त्या वेळी मी गप्प बसले असते तर काय झालं असतं. मामा वर गेले असते. बॅटरीच्या उजेडात चार पांढरी तोंडं दिसायच्या आधीच त्यांची काठी पडली असती. तेव्हा बोलणं भाग होतं. मी उभी राहिले. डोकं रिकामं झालं होतं आणि त्या रिकाम्या डोक्यात जे पाठ होतं तेच बाहेर आलं.

"बालमित्रांनो," मी म्हणाले.

मामा थांबले. अख्खं घर माझ्याकडं बघायला लागलं.

"बालमित्रांनो, घुबड हा शेतकऱ्याचा खरा मित्र आहे," मी म्हणत गेले, कारण आता थांबता येत नव्हतं. "त्याचे डोळे मोठे असतात, मान जवळजवळ मागं फिरते, आणि एक घुबड वर्षाला..."

"वैनी," जयवंत हळूच म्हणाला, "वर घुबड हाय का?"

"हो," मी म्हणाले आणि खाली बसले.

वरून पिल्लांनी लगेच दुजोरा दिला. मामांनी काठी खाली टेकवली. साप म्हटल्यावर ज्या माणसाच्या अंगात एवढं बळ आलं होतं, त्याच्या चेहऱ्यावर आता भीती दिसत होती.

"घुबड," ते म्हणाले. "घरात. आन् तुमी आमाला हितं सुपारी फोडायला बलावलं?"

"मामा, राहू द्या की," जयवंत म्हणाला.

"तू गप. तुज्या बापाच्या जाग्यावर मी बसलोय." मग ते सासूबाईंकडं वळले. "हे बगा, आमी काय लई जुन्या वळणाची मानसं न्हाई. पोरगी सोन्यासारखी हाय. पन घुबडाच्या घरात शुभ काम मी करनार न्हाई. आत्ता खाली काढा. पिल्लांसकट भायेर न्या. गोमूत्र शिंपडा. आमी बसतो थांबून. तेवडं हुतंय का बगा, न्हाईतर आमाला रजा द्या."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. शालन स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. काढ म्हणाली नाही, राहू दे म्हणाली नाही. नुसते ट्रेमधले कप वाजत होते. तिसऱ्यांदा उंबऱ्यावरून माणसं परत जाणार होती, आणि या खेपेला काय आडवं आलं ते सगळ्या गावाला कळणार होतं, कारण ते मीच भिंतीवर लिहून ठेवलं होतं.

आणि मग तालुका पक्षिमित्र मंडळाच्या चिटणीसबाई उठल्या, कोपऱ्यातली वेताची बुट्टी रिकामी केली, आत जुनं धोतर अंथरलं आणि शिडी लावली.

"मी पद्धतशीर हलवते," मी म्हणाले. "गोठ्यात ठेवू. तिथंही ऊब असते." गोठ्यात मांजरं होती. रात्री आईबापांना पिल्लं सापडतील याची खात्री मला नव्हती. म्हणजे सापडणार नाहीत याची जवळजवळ खात्री होती. हे माझ्या एका स्लाइडवर लिहिलेलंसुद्धा होतं. पण ट्रेमधले कप अजून वाजत होते. मी पदर खोचला आणि चढायला लागले. निम्मी शिडी चढले असेन तेवढ्यात शिडी हलली. खाली बघितलं तर सासूबाईंनी ती दोन्ही हातांनी धरली होती. मला वाटलं, आधाराला धरली आहे.

"उतर खाली," सासूबाई म्हणाल्या.

"आत्या, दोन मिनिटांत..."

"उतर म्हनते न्हवं? बाळंतीन हाय ती."

मी तिथंच थांबले. मामा म्हणाले, "कोन बाळंतीन?"

"वरची," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी शिडी सोडली नाही, पण तोंड पाहुण्यांकडं केलं. "मी बी तेच म्हनत हुते, पाव्हणं. धुरी द्यायला निघाले हुते. ह्या सुनंला इचारा. मग एक दिस कांदं काढाय वर गेले. ही घरात न्हवती. अंधारात हात घातला तर म्होरं पांडरं तोंड. माज्या अंगावर काटाच आला. पन ती पळाली न्हाई, अंगावर बी आली न्हाई. पिल्लांवर पंख टाकून नुसती बसून ऱ्हायली, माज्याकडं बगत. मांसाचं नुसतं गोळं हुतं ते, डोळं बी उगडलं न्हवतं. मी म्हनलं, बस बाई. बाळंतपणाला माज्या घरात आलीस, आता कुटं जानार? कांदं सगळं खाली आनलं, तिला रोजचा तरास नको म्हनून."

तर असं होतं माझं प्रबोधन. ते इतिवृत्तात नोंदवलेलं आहे.

"आवो, पन पाखरू ते," मामा म्हणाले. "त्याला काय बाळंतीन म्हनायचं!"

"मग काय म्हनायचं? पिल्लं काय बाजारातनं आनली तिनं?" सासूबाईंचा आवाज कापायला लागला. "माज्या पोरीचं व्हावं म्हनून म्हयनाभर देवाला हात जोडलं मी. तुमच्या पाया पडते. पन बाळंतिनीला घराभायेर काडून पोरीची सुपारी फोडायची, हे माज्याच्यानं व्हायचं न्हाई. तिचाच तळतळाट लागंल पोरीला. तुमी गेलासा तर माज्या नशिबाला दोस देईन मी, तुमाला देनार न्हाई."

एवढं बोलून त्या डोळ्यांना पदर लावून रडायला लागल्या. शालननं ट्रे खाली ठेवला आणि आईजवळ येऊन उभी राहिली. तिनंही दुसऱ्या बाजूनं शिडी धरली. मी आपली मधल्या पायरीवर, बुट्टी पोटाशी धरून. मला कुणी उतर म्हणालं नाही आणि चढ तर कुणीच म्हणालं नाही. चळवळीचं नेतृत्व असं अधांतरी होतं.

मामांनी पटका उचलला. ते झटकायला लागले, म्हणजे निघायची तयारी. तेवढ्यात, आल्यापासून पाण्याला 'पुरे' याच्यापलीकडं ज्यांनी शब्द काढला नव्हता त्या अनसूयाबाई बोलल्या.

"कितवा दिस हाय?"

"आं?" मामा म्हणाले.

त्यांनी मामांकडं बघितलं नाही. सासूबाईंना विचारलं, "बाळंतिनीचा कितवा दिस हाय?"

सासूबाईंनी डोळे पुसले. "पंधरवडा झाला असंल."

"मग सव्वा म्हयना तरी हलवायचं न्हाई," अनसूयाबाई म्हणाल्या, आणि जागच्या न हलता हाक मारली, "दादा."

"अगं अनसू, तुला कळतंय का..."

"जयवंताच्या येळंला मी कुटल्या दिसाला घराभायेर पडले हुते, दादा?"

मामा पटका झटकायचे थांबले. जयवंत आईकडं बघत राहिला. हे त्याला नवीन असावं.

"ते आता कशाला हितं," मामा म्हणाले.

"पोराचा पायगुन वाईट म्हनून सासऱ्यानं मला घरातनं काडून ओट्यावर बसवलं. अंगावरचं वाळलं बी न्हवतं. तू बैलगाडी घिऊन आलास. गावासमोर उभा ऱ्हाऊन काय म्हनला हुतास त्यांना? माज्या ध्यानात हाय. तुज्या हाय का?"

मामा जमिनीकडं बघत होते. एवढा मोठा माणूस, पण बहिणीपुढं उभा राहिलेला धाकटा वाटायला लागला.

"काय म्हनला हुतास दादा?"

"बाळंतिनीला भायेर काडतंय," मामा अगदी हळू म्हणाले, "ते घर न्हवं."

"मग?"

मामांनी पटक्याचं टोक बोटांनी चोळलं. मग तो डोक्यावर ठेवला, चेपून बसवला आणि म्हणाले, "सुपारी आना."

सासूबाई एवढ्या गडबडीनं देवघराकडं धावल्या की त्यांनी सोडलेली शिडी माझ्यासकट डगमगली. जयवंतानं येऊन ती धरली. "उतरा वैनी," तो म्हणाला. मग हळूच विचारलं, "भिंतीवर ते पाण्याचं न्हाई ना?"

"नाही," मी म्हणाले.

"मला वाटलंच. पान्याला कोन गोदडी घालतंय."

मामांना थोडी तरी बाजू राखायची होती. "गोमूत्र मातर शिंपडायचं," ते म्हणाले.

"शिंपडा की," सासूबाई ताट घेऊन येत म्हणाल्या. "खाली शिंपडा. वर न्हाई."

सुपारी फुटली. आणि ती फुटते न फुटते तोच झरोक्यातून काहीतरी पांढरं, अजिबात आवाज न करता, आत आलं. सगळ्यांनी वर बघितलं. चोचीत उंदीर होता. क्षणभर ते हृदयाच्या आकाराचं पांढरं तोंड आमच्याकडं वळलं आणि मग अंधारात गेलं. पिल्लांचा आवाज एकाएकी बंद झाला. मामांनी घाईनं दोन्ही हात जोडले. कुणाला जोडले ते मी विचारलं नाही.

लग्न माघात झालं. तोवर पिल्लं उडून गेली होती. मामा लग्नात मानाच्या खुर्चीवर बसले आणि जो भेटेल त्याला, हे स्थळ आपण कसं जुळवलं, ते सांगत होते. त्यात घुबड होतं, पण ते मामांच्या परवानगीनं तिथं राहिलेलं होतं.

मी स्लाइड दाखवत राहिले. एकदा येळावीला महिला मंडळात बोलायला गेले. बायका हळदीकुंकवासाठी जमलेल्या, उंदरांचा आकडा आला तरी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, दोघी तर पेंगत होत्या. वीज गेली आणि प्रोजेक्टरच बंद पडला. मग दुसरं काही सुचेना म्हणून सासूबाईंनी शिडी धरून जे सांगितलं होतं ते त्यांच्याच शब्दांत सांगितलं. बायका ताठ बसल्या. पेंगणाऱ्यांतली एक म्हणाली, "आमच्या बी वळचणीला हाय एक. आमचं मालक उद्या तिथं जाळी लावनार हुते." तिच्या शेजारची म्हणाली, "लावू दिऊ नगं बाई."

त्यानंतर मी ती उंदरांच्या आकड्याची स्लाइडच काढून टाकली. पुढं जिल्ह्याच्या कार्यक्रमात मला प्रभावी जनजागृतीबद्दल ढाल मिळाली. सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. परतीच्या एसटीत त्यांनी ती मांडीवर घेऊन उलटसुलट बघितली.

"कशाबद्दल दिली गं ही?"

"घुबडं वाचवल्याबद्दल, आत्या."

"तू?" त्या म्हणाल्या, आणि पार घर येईपर्यंत त्यांचं हसू थांबलं नाही. मलाही थांबवता आलं नाही.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली. पक्षी सप्ताह होता. मी गावातल्या हायस्कूलची प्रभातफेरी काढली होती, पुढं हलगी, मागं पोरं, हातात फलक, आणि माझ्या हातात लाउडस्पीकर. सगळ्या पेठेतून फिरून फेरी आमच्या गल्लीत आली. आमच्या भिंतीसमोर मला जरा जास्तच चेव आला. गोधडी आता नव्हती, अक्षरं नव्यानं रंगवलेली होती. "घुबडांना..." मी ओरडले, आणि पोरांनी "वाचवा!" अशी आरोळी ठोकली की समोरच्यांची खिडकी उघडली.

सासूबाई फाटकात आल्या. हाताला तेल, खांद्यावर लंगोट, शेक-शेगडीच्या धुरानं डोळे लाल. शालन महिन्यापूर्वीच माहेरी आली होती आणि त्या दिवशी बाळ आठवड्याचं झालं होतं. तिची बाज मधल्या घरात टाकलेली, माळ्याच्या बरोबर खाली. आणि माळ्यावर, कांदे पुन्हा एकदा खाली आलेले.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. हलगी थांबली. पोरं गप्प झाली. मी लाउडस्पीकर खाली घेतला.

"काय वरडतीस गं?" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "दोन-दोन बाळंतिनी निजल्यात घरात."

मी पोरांकडं वळून हातानंच खूण केली. सगळ्यांनी फलक काखेत मारले आणि आमची प्रभातफेरी चपला हातात घेऊन, आवाज न करता गल्लीतून बाहेर गेली.